पानाचा फोटो, सासूबाईंची गोळी आणि नकाशातली कपाशी

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "भाऊ, आमच्या घरात आता सगळेच एआयला विचारतात. मिस्टर केळीच्या पानाचा फोटो टाकून औषध विचारतात. मुलगा नववीत आहे, तो निबंध लिहून घेतो. सासूबाईंना शुगर आहे, त्यांचे रिपोर्ट मी त्यात टाकून बघते. मी पतपेढीत कामाला आहे, तिथली पत्रं आणि नोटिसाही त्याच्याकडूनच करून घेते. कोणी म्हणतं नोकऱ्या जातील, कोणी म्हणतं ह्याच्याशिवाय पुढे चालणारच नाही. तुम्ही ह्याच कामातले. फायदा जास्त की धोका जास्त, एकदा नीट सांगा. सोबत मिस्टरांनी काढलेला पानाचा फोटो पाठवते."

ताई, तुमच्या एका पत्रात चार-पाच प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. 'फायदा जास्त' किंवा 'धोका जास्त' असं एका दमात सांगून मोकळा झालो, तर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. तेव्हा उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

आधी माझी एक फजिती सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं कुठून येतंय ते कळेल. जळगावात संगणकाच्या कामात मला एकवीस वर्षं झाली. सुरुवात जिनिंगच्या आणि दालमिलच्या हिशेबांपासून केली. सहा-सात वर्षांपूर्वी आम्ही केळीच्या पानाच्या फोटोवरून करपा हा बुरशीचा रोग ओळखणारं मॉडेल बनवायला घेतलं. यात करायचं काय, तर संगणकाला हजारो फोटो दाखवायचे: हे करप्याचं पान, हे निरोगी पान. त्यातून तो आपली आपण काहीतरी खूण शोधतो. कोणती खूण शोधली, ते मात्र सांगत नाही. ऑफिसात तपासलं तेव्हा शंभरात पंच्याण्णवच्या वर उत्तरं बरोबर आली. आम्ही पेढे वाटले. मग एका ढगाळ दिवशी सावद्याजवळच्या बागेत गेलो, तर पठ्ठ्यानं करपलेली पानं एकामागून एक निरोगी म्हणून पास केली. बागवाले आप्पा माझ्याकडे बघत होते आणि मी मोबाईलकडे.

दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. निरोगी पानांचे फोटो आम्ही टिश्यू कल्चरच्या रोपवाटिकेत, हिरव्या शेडनेटखाली काढले होते. करप्याचे फोटो उघड्या बागेत, भर उन्हातले. यंत्र करपा शिकलंच नव्हतं. ऊन आणि सावली शिकलं होतं. ढगाळ दिवशी त्याला सगळीकडे सावलीच दिसली.

ही चूक आमची होती, आम्ही फोटो चुकीचे दिले. पण तेव्हापासून कोणी मला 'एवढे टक्के अचूक' असं सांगितलं, की मी विचारतो, कुठे तपासलं? कोणाच्या शेतात, कोणत्या महिन्यात? पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या मृगबागेत की पावसाळ्यानंतरच्या कांदेबागेत? ह्याचं उत्तर नसेल तर त्या टक्क्यांचा मला उपयोग नाही.

तुम्ही घरी वापरता ते बोलणारं एआय ह्याचंच मोठं भावंड. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला सगळ्यांसाठी खुलं झालं, मग त्याच्यासारखी बाकीची आली. ह्या सगळ्यांच्या मुळाशी एकच युक्ती आहे. अफाट मजकूर वाचवून घेतलेला असतो आणि समोर आलेल्या शब्दांनंतर पुढचा शब्द कोणता यायची शक्यता जास्त, ते यंत्र ठरवत जातं. आता काही ॲप इंटरनेटवर शोधूनही बघतात, पण वाक्य तयार होतं ते ह्याच रीतीनं. त्यामुळे माहिती असो वा नसो, उत्तर सफाईदारच येतं. 'मला माहीत नाही' म्हणायला माणसाला लाज वाटते, यंत्राला तर ते शिकवावं लागतं आणि ते अजून पुरतं शिकवून झालेलं नाही.

जिथे मजकूर जास्त, तिथे ते हुशार. इंग्रजीत जास्त, मराठीत कमी, अहिराणीत जवळजवळ काहीच नाही. मध्ये मी गंमत म्हणून विचारलं, "दादरला पाणी कधी द्यायचं?" आपल्याकडच्या शेंबड्या पोराला कळेल की दादर म्हणजे रब्बीची ज्वारी, तापीकाठच्या काळ्या जमिनीत ओलीवर येणारी. त्यानं मला मुंबईतल्या दादर भागाचा पाणीपुरवठा समजावून सांगितला. मग आईला म्हटलं, तू बोल. ती फोनमध्ये म्हणाली, "मन्ही कपाशी लाल पडी राहिनी, काय करू?" त्यानं 'कपाशी' तेवढं बरोबर पकडलं आणि बाकीचं अंदाजानं जुळवून बुरशीनाशकाचा सल्ला दिला. कपाशीचा लाल्या बहुतेक वेळा बुरशीचा नसतोच. बोंडं भरताना नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडतं, रात्री थंडी उतरते, कधी तुडतुड्यांनी पानं शोषलेली असतात. आईनं बुरशीनाशक मारलं असतं तर औषधाचा पैसा गेला असता आणि लाल्या तिथेच राहिला असता.

आता मी स्वतः काय करतो ते सांगतो. कुठल्याही कामाला एआय वापरायच्या आधी दोन गोष्टी बघतो. उत्तर चूक आहे हे मला माझं मला, चार आण्यात, कळेल का? आणि कळलं नाही तर नुकसान कोणाच्या घरातून जाईल?

दुसऱ्या प्रश्नाकडे लोक बघतच नाहीत. कॅनडात एका प्रवाशाला विमान कंपनीच्या चॅटबॉटनं तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं. कंपनी म्हणाली, चॅटबॉटच्या बोलण्याची जबाबदारी आमच्यावर नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणानं ते मानलं नाही आणि कंपनीला पैसे भरायला लावले. तिथे निदान तिकीट विकणारी कंपनी समोर होती. दाजींनी फुकटच्या ॲपला विचारून फवारा मारला आणि बाग करपली, तर कोणाच्या दारात जाणार? 'उत्तरात चूक असू शकते, तपासून घ्या' असं त्या ॲपच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं.

ह्या दोन प्रश्नांच्या चाळणीतून तुमच्या घरातली कामं काढू.

फवारणी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण खान्देशात माणूस एआयमुळे खरोखर अडचणीत येईल असा रस्ता मला हाच दिसतो. फोटोवरून यंत्र रोगाचं नाव सांगतं तोवर ठीक आहे, नाव चुकलं तरी जागेवर कोणी मरत नाही. पण पुढच्या वाक्यात ते औषध आणि प्रमाण सांगतं. ते प्रमाण कधी लिटरला असतं, कधी एकराला, कधी हेक्टरला, आणि ह्या तिघांची सरमिसळ झालेली मी स्वतः पाहिली आहे. पंधरा लिटरच्या पंपात दुप्पट औषध जायला एवढं पुरेसं आहे. शिवाय दोन-तीन औषधं एकत्र करायचं विचारलं तर ते होकार देऊन टाकतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हा हे बोलणारं एआय नव्हतं. औषधांची मनमानी मिश्रणं, अंगावर काही न घालता फवारणी आणि दाट वाढलेली कपाशी एवढ्यानं ते झालं. तसलंच मिश्रण आता कोणी सुबक मराठीत सुचवणार असेल, तर माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून दाजींना एवढं सांगा: प्रमाण बाटलीवरच्या लेबलाचं आणि सोबतच्या घडीपत्रकाचं, मोबाईलचं नाही. लेबलावर पिकाचं आणि किडीचं नाव छापलेलं असतं, कारण त्या औषधाची नोंदणी तेवढ्याच पिकांसाठी झालेली असते. केळीचं नाव नसेल तर ते औषध केळीवर मारायचं नाही, मग दुकानदार सांगो की यंत्र. लेबलावरच्या त्रिकोणाचा रंगही बघायचा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. आणि चौघांनी मिळून फवारायचं असेल तर हे चौघांनाही सांगायचं. मजुराला कोणी एआय दाखवत नाही, पण औषध त्याच्याच नाकातोंडात जातं.

मग फोटो टाकूच नये का? टाकावा की. फक्त प्रश्न बदलायचा. 'कोणतं औषध मारू' असं न विचारता 'हे काय काय असू शकतं, आणि ते शेतात कसं ओळखायचं' असं विचारायचं. तीन-चार शक्यता येतात, प्रत्येकीची खूण येते. मग बागेत जाऊन पान उलटं करून बघायचं. हे तपासायला पैसा लागत नाही आणि चुकलं तरी काही बिघडत नाही. मी असंच वापरतो आणि मला फार उपयोग होतो, अगदी खरं सांगतो.

सासूबाईंचं. रिपोर्ट समजून घ्यायला एआय चांगलं आहे. एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, क्रिएटिनिन म्हणजे किडनीचं काम, हे ते सोप्या मराठीत नीट सांगतं. डॉक्टरांकडे दोन मिनिटं मिळतात, त्यात विचारायचं राहून जातं. तेव्हा आदल्या रात्री त्याच्याकडून पाच प्रश्न काढून घ्या आणि चिठ्ठी सोबत न्या. माझी बायको हेच करते, आणि आमचे डॉक्टर आता हसून म्हणतात, "आणा, आज काय विचारायचंय?" पण गोळी अर्धी करणं, बंद करणं, सकाळची रात्री देणं ह्यातलं काहीही त्याच्या सांगण्यावरून नाही. सासूबाईंना आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत, जेवण कधी होतं, त्या एकादशीला उपास धरतात का, हे त्याला माहीत नाही. साखर कमी करायची गोळी घेऊन उपाशी राहिलं की साखर खाली जाऊ शकते, आणि आपल्या घरातली म्हातारी माणसं उपास सोडत नाहीत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आणखी एक. रिपोर्टचा फोटो टाकताना वरचं नाव, मोबाईल नंबर आणि आधारचा आकडा असेल तर तो झाकून फोटो काढा. कागदावर अंगठा ठेवला तरी झाकतं.

आरोग्यात ह्या तंत्राचा जो मोठा फायदा आहे, तो आपल्या मोबाईलमध्ये दिसतच नाही. सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांवर एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ रोज कुठून येणार? छातीच्या एक्स-रेवरून क्षयाचा संशय सांगणारी प्रणाली पंधरा वर्षांवरच्या लोकांच्या तपासणीत वापरायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्येच मान्यता दिली. डिसेंबर २०२४ मध्ये देशात शंभर दिवसांची क्षयरोग मोहीम निघाली, तीत हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रं आणि हे एआय सोबत होतं. ह्यातला कळीचा भाग बघा. यंत्र फक्त संशय सांगतं. मग थुंकीची तपासणी होते आणि औषध त्यानंतर सुरू होतं. यंत्र चुकलं तरी पुढे दुसरी चाळणी बसवलेली आहे. एआय कुठे लावावं ह्याचा नमुना मला विचाराल तर मी हाच दाखवीन.

पावसाचंही तसंच. २०२५ च्या खरिपाआधी केंद्राच्या कृषी खात्यानं १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाईलवर पावसाच्या आगमनाचा अंदाज पाठवला, तो एआय मॉडेलांवरून काढलेला होता. त्या वर्षी मान्सून केरळात २४ मेलाच आला, सगळे खूश झाले, आणि मग मध्येच अडला. तो खंड पडणार हे त्या अंदाजात आधीच होतं. पेरणी आठवडाभर पुढे ढकलायची की नाही एवढं जरी त्यावरून ठरलं, तरी कोरडवाहू शेतकऱ्याचं बियाणं वाचतं. दुबार पेरणी ज्यानं केली आहे त्याला ह्याची किंमत वेगळी सांगायला नको. राज्य सरकारनंही जून २०२५ मध्ये शेतीतल्या एआयचं धोरण मंजूर केलं, ५०० कोटींची तरतूद ठेवून. पैसा कुठे जातो ते बघू. माझं म्हणणं एवढंच की त्यातला थोडा अहिराणी, पावरी आणि भिलीच्या आवाजांवर खर्च व्हावा, नाहीतर सल्ला तयार होईल आणि ज्याला हवा त्याच्यापर्यंत भाषेअभावी पोचणार नाही.

पतपेढीचं काम. पत्राचा मसुदा, नोटिशीची भाषा, वार्षिक सभेचं निवेदन, एक्सेलचं सूत्र ह्याला बिनधास्त वापरा. चूक असेल तर वाचताना तुम्हाला लगेच दिसते. मी स्वतः शासन निर्णयांचे पंधरा-पंधरा पानी कागद त्याला देतो आणि 'ह्यात केळीवाल्याला लागू होणारे मुद्दे कोणते, पान नंबरासकट सांग' म्हणतो. पान नंबर मागायचा, म्हणजे उघडून पडताळता येतं.

पण सभासदांची यादी, थकबाकीदारांची नावं, खाते नंबर, पॅन हे त्यात टाकत असाल तर आजपासून बंद करा. बऱ्याच फुकट ॲपमध्ये तुम्ही लिहिलेलं पुढच्या सुधारणेसाठी वापरलं जाऊ शकतं. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं, पण किती जणांनी केलंय? २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. सभासदानं माहिती दिली ती कर्जासाठी, तुमच्या ॲपसाठी नाही. नावाच्या जागी 'सभासद क्र. १' लिहा, पत्र तयार झाल्यावर नाव हातानं घाला. दोन मिनिटांचं काम आहे. आणि नोटिशीत कलमाचा आकडा आला असेल तर तो संस्थेच्या वकिलांना दाखवल्याशिवाय बाहेर सोडू नका. हे यंत्र मनानं कलमं तयार करतं. शोधत नाही म्हणतोय मी, तयार करतं.

नोकरीचं म्हणाल तर खोटं बोलणार नाही. माझ्याच ऑफिसात पावत्या बघून आकडे भरणारी दोन मुलं होती, आता ते काम यंत्र करतं. एकाला मी फोटोंच्या कामाला घेतलं, दुसरा पुण्याला गेला. तुमच्या पतपेढीत टायपिंग कमी होईल. थकबाकीदाराच्या ओट्यावर बसून, त्याची अडचण ऐकून हप्ता बांधून देणं मात्र राहील. तुम्ही त्या कामाच्या जवळ राहा.

मुलाचं थोडक्यात. आधी त्यानं स्वतः लिहायचं, मग एआयला 'ह्यातल्या चुका दाखव, पण सुधारून देऊ नको' असं सांगायचं. उलट क्रम झाला की पोरगं लिहायचं विसरतं. बोर्डाच्या पेपरात मोबाईल नसतो. गणितात उत्तर न मागता पुढची एक पायरी मागायची. आणि एक खेळ सांगतो: त्याला म्हणावं, आपल्या गावाबद्दल एआयला दहा प्रश्न विचार आणि चुका शोध. आमच्या पुतण्यानं चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखाबद्दल विचारलं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला, त्याची नोंद असलेला तो १२०७ सालचा लेख. यंत्रानं चांगदेवाला थेट मुक्ताईनगरच्या योगी चांगदेवांमध्ये नेऊन मिसळलं. पोरगं आठवडाभर ही चूक वर्गात सांगत हिंडत होतं. यंत्र चुकतं हे मी त्याला दहा वेळा सांगितलं असतं तरी एवढं पटलं नसतं.

आता तुम्ही विचारलं नाही ते सांगतो. एआय तुम्ही वापरा अथवा वापरू नका, ते तुमच्यावर वापरलं जाणारच आहे.

एक प्रकार चोरांचा. पूर्वी फसवणुकीचा मेसेज त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीवरून ओळखू यायचा. 'आपले खाते अवरोधित केले गेले जाईल' असलं काहीतरी. आता त्यांचीही मराठी सुधारली. आवाजाची नक्कल तर काही सेकंदांच्या रेकॉर्डिंगवरून होते, आणि आपण लग्नाचे, वाढदिवसाचे व्हिडिओ सगळीकडे टाकून ठेवलेले. तुमचा मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि रात्री अकराला त्याच्या आवाजात "मम्मी, अपघात झाला, पैसे पाठव" असा फोन आला तर काय कराल? घरात आजच एक शब्द ठरवा, जो कुठेही लिहिलेला नाही. आमच्या घरात तो पणजीच्या म्हशीचं नाव आहे. शब्द सांगता आला नाही तर फोन ठेवायचा आणि त्याच्या नेहमीच्या नंबरवर आपण फोन लावायचा. 'डिजिटल अटक' म्हणून कायद्यात काही नाही. व्हिडिओ कॉलवर वर्दी दिसली तरी नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. जेवढा उशीर, तेवढे पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

दुसरा प्रकार निर्णयांचा, आणि मला चोरांपेक्षा ह्याची काळजी जास्त. टेंभली आठवतं? नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला तिथे दिलं गेलं. आपल्या खान्देशात. फायदे झालेच, पैसे थेट खात्यात यायला लागले, मी नाकारत नाही. पण आयुष्यभर ऊसतोड आणि कपाशी वेचणी केलेल्या म्हातारीचा अंगठा रेशनच्या यंत्रावर उठत नाही, तेव्हा काय होतं तेही आपण बघितलं आहे. बोटांच्या रेषा घासून गेल्या ह्यात तिची चूक काय? यंत्र 'जुळत नाही' म्हणतं आणि रिकामी पिशवी घेऊन ती घरी येते. चूक यंत्राची, फेरा तिचा.

आता तेच नकाशांत येतंय. उपग्रहाच्या चित्रावरून कोणत्या गटात कोणतं पीक हे मॉडेल ठरवतं. काम मोठं आहे, तलाठी सगळीकडे पोचू शकत नाही, म्हणून यंत्र लागणारच. पण आमच्या ओळखीतल्या एका अण्णांच्या गटात केळी उभी होती आणि एका कार्यालयातल्या नकाशात तिथे कपाशी दिसत होती. का? लागवड नवीन होती, रोपं लहान, आणि बाजूला तिन्हीकडून दुसऱ्यांची कपाशी. वरून बघणाऱ्याला ते एकच दिसलं. अण्णा बागेचे फोटो घेऊन चार चकरा मारून आले. टेबलापलीकडचा माणूस सांगायचा, "सिस्टीम दाखवत नाही." त्या सिस्टीमला प्रश्न विचारायची सोय त्या खोलीत कोणाकडेच नव्हती.

शेवटी त्यांचं काम झालं ते कागदांमुळे. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून सातबाऱ्याला पिकाची नोंद, त्यांनी स्वतः वेळेत केली होती, रोपांची पावती गट नंबरासह होती, आणि लागवडीच्या दिवशीचे फोटो होते, ज्यात तारीख आणि ठिकाण येतं. दाजींनी दर बागेचं हे करून ठेवावं. ई-पीक पाहणी २०२१ पासून आहे, पण अजूनही लोक कोणाला तरी पन्नास रुपये देऊन करून घेतात आणि तो बांधावर न जाता भरतो. आणि कुठेही 'सिस्टीम दाखवत नाही' असं उत्तर मिळालं तर ते लेखी मागा. लेखी मागितलं की सिस्टीम अचानक बोलायला लागते, असा माझा अनुभव आहे.

आता तुम्ही पाठवलेला फोटो. दाजींच्या ॲपनं त्याला करपा म्हटलंय आणि बुरशीनाशक सांगितलंय. मला तो करप्यासारखा वाटत नाही. करप्यात आधी बारीक पिवळसर रेघा येतात, मग त्यांचे लांबट तपकिरी ठिपके होतात, मध्ये राखाडी आणि भोवती पिवळं कडं. तुमच्या फोटोत ठिपके दिसत नाहीत. पान टोकाकडून आणि कडेनं पिवळं होत वाळत आलंय आणि ते खालचं, जुनं पान दिसतंय. पालाश, म्हणजे पोटॅश, कमी पडलं की असं होतं. पण फोटो संध्याकाळचा आहे आणि एकाच पानाचा, त्यामुळे मी पैज लावणार नाही. उद्या सकाळी दाजींना म्हणावं, चार-पाच झाडं बघा. सगळीकडे खालच्याच पानांना आहे का? त्या ओळीच्या ड्रिपरमधून पाणी नीट पडतंय का, की नळी चोंदलीय? आणि मुख्य म्हणजे वरची कोवळी पानं बघा. त्यांच्यावर शिरांना धरून पिवळे पट्टे असतील, पोंगा, म्हणजे मधलं न उमललेलं पान, सडल्यासारखा दिसत असेल, तर तो सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) असू शकतो. तो विषाणू आहे, मावा त्याला पसरवतो आणि त्याला औषध नाही. तसलं झाड उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करावं लागतं, उशीर केला तर शेजारची जातात. बागेत काकडी किंवा भोपळ्याचं आंतरपीक असेल तर तेही सांगा, हा विषाणू त्यांच्यावरही राहतो.

पट्टे दिसले तर मला फोटो पाठवण्यात वेळ घालवू नका. रोप प्लास्टिकच्या पिशवीत बांधून थेट जळगावच्या केळी संशोधन केंद्रात किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. पट्टे नसतील तर फवारा थांबवा आणि खताच्या पावत्या काढून ठेवा. लागवडीपासून पोटॅश किती गेलं, ते रविवारी फोनवर बसून मोजू.